जामीन राहिलेले मासे

नाटकाचं परीक्षण येतं, पुस्तकाचं येतं, हल्ली तर हॉटेलातल्या मिसळीचंही येतं. पण मध्यमवर्गीय दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी जो काचेचा रंगमंच उजळलेला असतो, ज्याचे खेळ पाहुण्यांच्या सोयीने कधीही लागतात आणि ज्यातली पात्रं मानधन न घेता मरतात, त्या फिशटँकचं परीक्षण लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आता मी काही समीक्षक नव्हे. बँकेत कारकून आहे, शिक्षण बी.कॉम., छंद म्हणावा तर उधारीची आठवण न करून देणं. पण एका फिशटँकचा निर्माता, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि (हे पुढे कळेलच) खलनायक या चारही भूमिका मी एकहाती केल्या आहेत. तेव्हा हे परीक्षण लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला पोचतो.

आमच्या टँकचा जन्म हौसेतून झाला नाही, सल्ल्यातून झाला. नवीन ब्लॉक घेतल्यावर जे पहिले दहा पाहुणे येतात, त्यांतला एक तरी वास्तुशास्त्राचा जाणकार असतोच. आमच्याकडे आला तो हिच्या लांबच्या नात्यातला. त्याने चहा पिता पिता चारही भिंती अपराधी ठरवल्या आणि मग उपाय सांगितला, "ईशान्येला पाणी ठेवा. पाण्यात नऊ मासे. आठ लाल, एक काळा."

"काळा कशाला?" मी विचारलं.

"संकट यायचं असलं की मासा ते स्वतःवर घेतो. घेतो आणि जातो. काळा तर त्यासाठीच असतो."

"म्हणजे जामीनदार?"

"अगदी बरोबर बोललात!"

एवढं ऐकल्यावर मी पाघळलो. गेली वीस वर्षं मी जामीनदारांच्या सह्या तपासतोय. कर्ज कुणीही मागतं, जामीनदार मिळता मिळत नाही. इथे एकाच वेळी नऊ मिळत होते, तेही पगारपत्रक न मागता.

पुढे केव्हातरी वाचनात आलं की या सगळ्याचं मूळ चीनमध्ये आहे. गोल्डफिश मूळचा तिकडचाच. हजारएक वर्षांपूर्वी साध्या करड्या माशांतून निवडून निवडून चिनी लोकांनी तो सोनेरी केला. चिनी भाषेत 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन शब्दांचा उच्चार एकच. म्हणून घरात मासा म्हणजे घरात शिल्लक. म्हणजे मूळ मामला सगळा एका कोटीचा. आपल्याकडे येईपर्यंत लोकांनी ती कोटी रुपयांतली समजली, एवढंच.

असो. एका रविवारी सकाळी दुकानात गेलो. चोवीस इंच लांब, बारा रुंद, बारा उंच असा टँक घेतला. दुकानदाराने काही लपवलं नाही आणि मी काही विचारलं नाही. दोन घनफूट म्हणजे साधारण 56 लिटर. खडे घातल्यावर उरलं पाणी 50 लिटर आणि पाण्याचं वजन लिटरला किलो, हा हिशेब मला घरी आल्यावर, टँक चपलांच्या कपाटावर ठेवून भरल्यावर आणि ते कपाट मध्येच नम्रपणे वाकल्यावर सुचला. ईशान्येला तेच कपाट होतं, मी तरी काय करणार! शेवटी खाली चार विटा लावून कपाटाला ताठ केलं.

आता परीक्षणाकडे वळू.

नेपथ्य. तळाला निळे-गुलाबी खडे. लग्नाच्या हॉलमध्ये जे रंग एकत्र बघून आपण नाक मुरडतो, ते पाण्याखाली आपल्याला शोभिवंत का वाटतात, हे मला अजून समजलेलं नाही. त्यात प्लॅस्टिकचं झाड, उघडमीट करणारा शिंपला आणि शिरस्त्राण घातलेला एक पाणबुड्या. गोल्डफिश हा गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या तळ्यात बुडालेला खजिना कुठून येणार? पण ऐतिहासिक नाटकातल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ चालवून घेणारे प्रेक्षक आम्ही, आम्हाला हे चाललं.

प्रकाशयोजना भडक. पार्श्वसंगीत हवेच्या पंपाचं, म्हणजे पाहुणे आलेले काका शेजारच्या खोलीत झोपले असावेत असं. पात्रयोजना म्हणाल तर 50 लिटर पाण्यात नऊ गोल्डफिश. नीट वाढला तर गोल्डफिश वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. जाणकार माणूस एका गोल्डफिशलाच आमच्या आख्ख्या टँकपेक्षा जास्त पाणी मागतो. मी नऊ कोंबले. त्या दिवशी दुपारी एकपर्यंत नळाचं पाणी भरून, त्यात क्लोरीन मारायच्या औषधाचे थेंब टाकून, प्रयोग सुरूही झाला. तालीम शून्य.

पहिले दोन दिवस हाउसफुल्ल. सकाळी मी खाणं घालत होतो, दुपारी ही, संध्याकाळी आमची तिसरीतली कन्या, आणि मधल्या वेळी 'बिचारे बघतायत हो आपल्याकडे' म्हणून शेजारच्या वहिनी. फक्त आमच्या मातोश्री तटस्थ होत्या. मातोश्री मालवणच्या. त्यांनी टँकसमोर खुर्ची ओढली, चष्मा लावला, नऊही मासे एकेक करून पाहिले आणि विचारलं, "ह्येच्यात खावचो खंयचो?"

बुधवारी पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. कन्या म्हणाली, ते आपल्याशी बोलतायत. आम्ही सगळ्यांनी कौतुकाने त्यांचं बोलणं ऐकलं. खरं म्हणजे ते गुदमरत होते. गुरुवारी सकाळी पहिला लाल मासा आडवा झाला.

मी माणूस कर्तव्यदक्ष. सगळं पाणी उपसलं, खडे उकळले, फिल्टरचा स्पंज साबणाने धुतला, काच लखलखीत केली आणि नवं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दोन गेले. पुन्हा साफसफाई. मग आणखी दोन. जितकी स्वच्छता तितके बळी, असा तो विलक्षण प्रकार होता.

पण माशांकडे बघायला मी जागेवर नव्हतोच. गुरुवारी रात्रीच आईच्या छातीत दुखायला लागलं होतं. रिक्षा, हॉस्पिटल, अतिदक्षता विभागाबाहेरचं ते बाकडं. हृदयविकाराचा सौम्य झटका, असं डॉक्टर म्हणाले. 'सौम्य' हा शब्द डॉक्टरच्या तोंडी कसा वाटतो आणि बाकड्यावर बसून कसा वाटतो, यात बराच फरक आहे. टँक धुवायला तेवढा मी सकाळी घरी येत होतो. पुढच्या मंगळवारी आई घरी आली तेव्हा आठही लाल मासे गेले होते. संकट घेण्यासाठी खास नेमलेला काळा तेवढा ठणठणीत होता. अनुभवी जामीनदार नेमक्या तारखेला गावाला जातो, तसा.

त्या पाच दिवसांत कन्येचं जेवणखाण, शाळा, वेणीफणी सगळं शेजारच्या वहिनींनी पाहिलं. त्यामुळे मऊभाताचं पातेलं घेऊन त्या आल्या आणि टँककडे बघून हात जोडत म्हणाल्या, "भावजी, आठ गेले म्हणजे केवढं मोठं होतं बघा! मुक्या जीवांनी घेतलं हो स्वतःवर," तेव्हा मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कुणीतरी भरपाई करून खातं बंद केलं, असं काहीतरी.

त्या रात्री कन्या आपला मातीचा गल्ला घेऊन माझ्याजवळ आली.

"बाबा, ह्यात एकशे साठ रुपये आहेत. ह्याचे किती मासे येतील?"

"कशाला गं? आता थोडे दिवस नको."

"आत्ताच हवेत. आजीची पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे ना? तेव्हा मरायला पुरायला हवेत."

हिशेबाला पोर पक्की होती. ती माझ्यावर गेली आहे, असं मी सगळ्यांना सांगत असतो. त्या दिवशी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तर काउंटरवर एक गृहस्थ उभे. पुतण्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. पुतण्या हप्ते थकवून कुठे गेला, ते त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. नोटीस यांच्या हातात. ते काही बोलू बघत होते, पण नुसतं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. हे तोंड मी बुधवारी पाहिलं होतं. काचेपलीकडे.

कॉलेजात भारतीय करार कायदा, 1872 हा विषय मी झोपेत शिकलो. पण त्यातलं कलम 128 जागेपणी पाठ झालंय. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच, करारात वेगळं ठरलं नसेल तर. मात्र त्याआधी एक बारीकशी अट आहे. जामीनदाराने जामीन राहायचं कबूल केलेलं असावं लागतं. त्या गृहस्थांनी निदान सही तरी केली होती. माझ्या आठ जणांची सही कुठे होती? आणि मुख्य म्हणजे थकबाकीदार कोण होता?

हा प्रश्न मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या हेडकॅशियरना विचारला. त्यांच्या गच्चीत माशांसाठी बांधलेली सिमेंटची मोठी टाकी आहे. त्यांनी डबा उघडता उघडता विचारलं, "अमोनिया किती आला होता?"

"मी काय खताचा कारखाना काढलाय?"

"तोच काढला होतात," ते म्हणाले, आणि लोणच्याची फोड चघळत त्यांनी मला जे समजावलं ते मी आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

मासा कल्ल्यांतून सारखा अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर. हा झाला रोजचा भरणा. अमोनिया विषारी, कल्ले जाळतो. नदीत, तळ्यात एका जातीचे जिवाणू तो भरणा उचलतात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी. ते वनस्पती खातात, किंवा दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलून आपण ते बाहेर काढायचं. म्हणजे शाखेत दोन खिडक्या लागतात आणि दोन्हींवर कर्मचारी लागतात. हे कर्मचारी राहतात फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर. त्यांची भरती व्हायला चार ते सहा आठवडे जातात, कधी जास्तही. मी रविवारी शाखा उघडली, दुपारी एकला नऊ बडी खाती आत घेतली, आणि खिडक्यांवर चिटपाखरू नव्हतं. बरं, दोनचार जिवाणू कुठून येऊन कामावर रुजू झालेच असतील, तर त्यांना मी दर सकाळी साबणाने बडतर्फ करत होतो. खडे उकळले, म्हणजे तर पेन्शनसकट!

"मग काळा कसा जगला?"

"अंगाने मोठा होता, टिकला. त्यात वास्तुशास्त्र कुठलं?"

आणि ही काही नवी विद्या नाही. 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. पानं कुजून पाणी बिघडायला लागलं. त्याने मासे बदलले नाहीत, दिशा बदलली नाही. ती कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या. पाणी निवळलं. गोऱ्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे दिसलं ते मला माझ्याच दिवाणखान्यात दिसलं नाही, कारण मी पाण्याकडे बघतच नव्हतो. माझ्याजवळ आधीच उत्तर होतं. मासा संकट स्वतःवर घेतो.

माझा आक्षेप आहे तो इथे. या एका वाक्याने आपली सगळी खाती तपासणीतून सुटतात. टँक लहान होता का, खाणं जास्त झालं का, घाई कुणी केली, काही बघायला नको. मेलेला मासा परोपकारी, आपण भाग्यवान, आणि रविवारी नवे नऊ. बँकेत अशी थकबाकी नव्वद दिवस राहिली की खातं अनुत्पादक ठरतं, ऑडिटर येतो, मॅनेजरला घाम फुटतो. फिशटँकला ऑडिटर नाही.

हे सगळं कन्येला सांगायचं कसं, ते मला जमेना. ते काम मातोश्रींनी केलं. गल्ल्याची गोष्ट कानावर आल्यावर त्यांनी नातीला पलंगावर बसवलं आणि म्हणाल्या, "पाणी नासला, मगे मासो काय करतलो? आणि माझ्यासाठी बांगडे मरतत तितके पुरे गो, बाये." डॉक्टरांनी त्या आठवड्यात बांगडाही बंद केला होता, हे त्यांनी नातीला सांगितलं नाही.

काळ्याची रवानगी हेडकॅशियरच्या टाकीत झाली. 'तळ्यात सोडू या की' असं कन्येचं म्हणणं होतं, पण घरातला मासा तळ्यात सोडायचा नसतो. काच साफ करायला म्हणून आणलेला तो खरबरीत सकर मासा घरात मावेनासा झाला की लोक दया येऊन नदीत सोडतात, तो तिथे फूटभर वाढतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. दयेलाही पत्ता बघून सोडावं लागतं.

मग आम्ही तो टँक पुन्हा मांडला. साधी वाळू, नळाजवळच्या झाडाझुडपांऐवजी पाण्यातली खरी झाडं: वॅलिस्नेरिया आणि शाळेच्या प्रयोगात जिचे बुडबुडे मोजले होते ती हायड्रिला. हेडकॅशियरच्या फिल्टरमधला मळका स्पंजाचा तुकडा, म्हणजे बदलीवर आलेले अनुभवी कर्मचारी. आणि मासे नाहीत. रोज चिमूटभर खाणं मात्र टाकायचं. ते कुजलं की जिवाणूंना काम. पाणी तपासायचा एक संच मिळतो. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब. अमोनियासाठी पिवळा रंग म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे थांबा. सिग्नलच्या बरोबर उलट. रोजचा आकडा कन्या माझ्या जुन्या डायरीत लिहायची, तारीख टाकून, रेघ मारून.

त्या सहा आठवड्यांत आमच्या घराची फार बदनामी झाली. येणारा प्रत्येक पाहुणा टँकमध्ये वाकून विचारायचा, "मासे कुठेत?" आणि ही थंडपणे सांगायची, "अजून पाणीच शिजतंय." एकाने तर आर्थिक अडचण आहे का, असं मला गॅलरीत नेऊन विचारलं. अमोनिया आधी चढला, मग उतरला. नायट्राइट चढलं, तेही उतरलं. एका संध्याकाळी मी बँकेतून आलो तर कन्या दारातच डायरी घेऊन उभी. दोन्ही रकान्यांत शून्य. वीस वर्षांच्या नोकरीत शून्य शिल्लक बघून मला पहिल्यांदाच आनंद झाला.

आधी तीन, पंधरा दिवसांनी आणखी तीन, असे सहा झेब्रा मासे आणले. आपल्याच उपखंडातल्या ओढ्यानाल्यांतला मासा. आमच्या हवेत हीटर लागत नाही, आणि अंगावर आडव्या निळ्या रेघा, थेट खतावणीच्या पानासारख्या. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. डबा कुलपात.

या शिक्षणाचा एक वाईट परिणाम झाला. मी कुठेही गेलो की परीक्षण करतो. एका दवाखान्यात गोल बाउलमध्ये एकटा गोल्डफिश होता. मी माझा रक्तदाब सांगायच्या आधी त्याची तक्रार सांगितली. साहेबांच्या घरी चार फुटी टँकमध्ये दोन मोठे एंजल आणि बोटाच्या पेराएवढे निऑन टेट्रा एकत्र. साहेब म्हणाले, "गंमत बघा, वीस निऑन आणले होते, हल्ली अकराच दिसतात. झाडांत लपतात." मी म्हणालो, "साहेब, ती लपलेली नाहीत. ती तूट आहे. दोन कर्मचारी जाडे झालेत बघा." त्या वर्षी माझी बदली झाली, पण तिचा आणि या वाक्याचा संबंध नसावा.

दीड वर्ष झालं. आईच्या तपासण्या नियमित होतात, गोळ्यांचा डबा कन्या भरते, वार बघून. परवा सकाळी एक झेब्रा तळाशी निपचित पडलेला दिसला. नेमक्या शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी टँककडे पाहिलं, चटकन हात जोडले आणि म्हणाल्या, "अगं बाई! घेतलं वाटतं बिचाऱ्याने..."

"काकू, थांबा हं," कन्या म्हणाली आणि कपाटातून काचेची नळी काढली. "आधी पाणी बघते."